कस्टमसाठी सेकंडहँड बीएमडब्ल्यू आर ८० आरटी: घेण्याआधी काय तपासायचं

जुनी टूरिंग बाईक घेऊन तिची हलकी, मोकळी गाडी करायची असेल तर आर ८० आरटीइतकी सोयीची गाडी क्वचित मिळते. ७९७ सीसीचं एअरकूल्ड बॉक्सर इंजिन (दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे), ५० हॉर्सपॉवर, शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी शाफ्ट). फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं कव्हर) आणि बॅगा बोल्टवर, मागची सबफ्रेमही (सीटखालची फ्रेम) बोल्टवरच. त्यामुळे मूळ सबफ्रेम जपून ठेवून दुसरी बसवता येते. ती कापू नयेच. १९८४ पर्यंतच्या दोन शॉकच्या मॉडेलमध्ये शॉकची वरची टोकं याच सबफ्रेमवर येतात. तिथे सबफ्रेमऐवजी शोभेची बारीक लूप (वळवलेला पाइप) लावणं धोक्याचं आहे.

घ्यायची तर १९८५ नंतरची मोनोलिव्हर, म्हणजे मागे एकच शॉक असलेली. त्याआधीच्या सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत (सीटमध्ये) हळूहळू खोल जातो आणि क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हचा मोकळा गॅप, आटतो. थंड इंजिनवर इनलेट ०.१० आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी हवा. एक्झॉस्टचा गॅप दर सर्व्हिसला घट्ट होत असेल तर हेडचं काम ठरलेलंच.

मोनोलिव्हरचं दुखणं गिअरबॉक्समध्ये आहे. १९८५ नंतरच्या बऱ्याच बॉक्समध्ये आउटपुट शाफ्टवरचं सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) वगळलेलं असतं, त्यामुळे बेअरिंग जागा सोडू शकतं. गिअर ऑइल काढून ड्रेन प्लगचं मॅग्नेट बघा. करडा, बारीक लेप चालतो; पापुद्रे किंवा कण दिसले तर बॉक्स उघडावा लागेल. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (क्लच प्लेट बसते त्या खाचांना) शेवटचं ग्रीस कधी लावलं हेही विचारा. कोरड्या स्प्लाइन झिजतात, मग शाफ्ट आणि क्लच प्लेट दोन्ही बदलावे लागतात. या एका प्रश्नावर मालकाने गाडी कशी ठेवली ते कळतं.

आल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) रोटर, म्हणजे फिरणारा भाग, जळणं नेहमीचं. पुढचं कव्हर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, नाहीतर कव्हर डायोड बोर्डला लागून शॉर्ट होतो. रोटरवरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये (तांब्याच्या कड्यांमध्ये) मल्टिमीटरवर ३ ते ४ ओहमच्या आसपास रीडिंग यावं. काहीच आलं नाही तर वाइंडिंग तुटलंय.

सायलेन्सर बदलायचा बेत असेल तर एक्झॉस्टचे फिनवाले नट अडकलेत का ते बघा. जोर लावला तर हेडचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे नटासोबत बाहेर येतात. अडकलेला नट करवतीने चिरून फोडायचा. नट स्वस्त, हेड महाग.

तडकलेली फेअरिंग, फाटलेली सीट, उडालेला रंग यांच्याकडे दुर्लक्ष करा. ते सगळं निघणारच आहे. मात्र फेअरिंग निघाली की हेडलाइटचे ब्रॅकेट, इंडिकेटर आणि मीटरचं माउंटिंग नव्याने लागतं. हँडलबार खाली आणलात तर थ्रॉटल आणि क्लच केबल, ब्रेक होज त्याच मापाने आखूड घ्या. लांब केबल गुंडाळून ठेवली की हँडल वळवताना ती ताणली जाते आणि आयडलिंग आपोआप वाढतं.