लाल वेष्टनातले खिशाच्या मापाचे संविधान: छपाई नेटकी, तळटीपा गायब

२०२४ च्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर मी संविधानाची खिशाच्या मापाची मराठी प्रत विकत घेतली. लाल रेक्झिनचे वेष्टन, त्यावर सोनेरी ठसा, आत वाचनखुणेची फीत आणि किंमत दीडशे रुपये. विधानसभेचा निकाल लागून दोन आठवडेही झाले नव्हते आणि वर्षभरात हा लाल रंग दोन निवडणुकांच्या प्रचारातून इतका फिरला होता की, मी नुसते "संविधान आहे का?" असे विचारताच स्टॉलवरच्या मुलाने "लाल देऊ ना?" असा उलट प्रश्न केला. प्रकाशकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच धाटणीच्या प्रती इतरांनीही काढल्या आहेत आणि पुढे जो दोष सांगणार आहे तो त्यांपैकी कोणत्याही प्रतीत असू शकतो.

आधी चांगले सांगतो. माझी उमेदीची वर्षे मुद्रितशोधनात गेली, त्यामुळे पुस्तक हातात आले की मजकुराआधी बांधणीकडे लक्ष जाते. या प्रतीचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवलेले आहेत, नुसते गोंदाने चिकटवलेले नाहीत. मधोमध उघडून टेबलावर ठेवली तरी ती मिटत नाही आणि सहा महिन्यांच्या वापरानंतर एकही पान सुटलेले नाही. कागद पातळ आहे, मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसतात, पण या मापाच्या पुस्तकात ते चालवून घ्यावे लागते. टाइप बारीक असला तरी जोडाक्षरे स्वच्छ उठली आहेत. घाम लागला की रेक्झिनचा रंग बोटांना लागतो, म्हणून मी वर खाकी कागद घातला आहे. मुद्रणदोष फारसे नाहीत. नेमक्या अनुच्छेद ३६८ मध्ये, म्हणजे संविधानात सुधारणा कशी करायची हे सांगणाऱ्या अनुच्छेदात, 'दोन-तृतीयांश' या शब्दातला दीर्घ 'ती' ऱ्हस्व झाला आहे, तेवढा डोळ्यांना खुपला. नागपुरात ६ नोव्हेंबर २०२४ ला झालेल्या संविधान संमेलनात वाटलेल्या लाल वह्यांची आतली पाने कोरी असल्याचा आरोप भाजपने केला होता आणि त्या टिपणवह्याच होत्या, असे उत्तर काँग्रेसने दिले होते. त्यामुळे प्रत हाती येताच मीही आधी पाने चाळून पाहिली. कोरे एकही पान नव्हते.

ही प्रत लोक का घेतात, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचे मोल ठरवता येणार नाही. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, कर्नाटकातले भाजपचे तेव्हाचे खासदार अनंतकुमार हेगडे यांनी संविधानात बदल करायचे तर चारशेहून अधिक जागा लागतील, अशा अर्थाचे विधान केले. पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगितले आणि त्यांना उमेदवारीही दिली नाही, परंतु 'चारसौ पार' ही घोषणा आणि 'संविधान बदलणार' ही शंका तोवर एकमेकींना चिकटून गेली होती. फैजाबादचे खासदार लल्लू सिंह याच आशयाचे बोलले आणि पुढे समाजवादी पक्षाच्या अवधेश प्रसाद यांच्याकडून पराभूत झाले. राहुल गांधी सभांमधून लाल प्रत उंचावत राहिले, तर पंतप्रधान मोदी यांनी खुद्द बाबासाहेब आले तरी संविधान रद्द करू शकणार नाहीत, असे सभेत सांगितले. निकालात भाजप २४० वर थांबला आणि महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या. त्यामागे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही, पण त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या रखवालदारापासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळे एकच विचारत होते: चारशे जागा आल्या तर खरेच संविधान बदलता येते का?

या प्रश्नाचे उत्तर ज्या पानावर सापडायला हवे ते अनुच्छेद ३६८ चे पान. सामान्य वाचक दीडशे रुपये खर्च करतो तो या पानासाठी, आणि ही प्रत नेमकी तिथेच फसवते.

शासनाच्या मराठी-इंग्रजी द्विभाषी आवृत्तीत प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टिपा असतात: अमुक शब्द कोणत्या सुधारणेने आले, कोणत्या तारखेपासून अमलात आले, पूर्वी त्या जागी काय होते. माझ्या लाल प्रतीत या सगळ्या तळटीपा गाळल्या आहेत. पुस्तकाची जाडी निम्म्यावर आली ती त्यामुळे. उद्देशिकेतले 'समाजवादी धर्मनिरपेक्ष' हे शब्द या प्रतीत पहिल्यापासूनच असल्यासारखे दिसतात. ते आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या सुधारणेने आले आणि ३ जानेवारी १९७७ पासून अमलात आले, हे फक्त तळटीप सांगते. त्या तारखेनंतर पंधराच दिवसांनी, १८ जानेवारीला, इंदिरा गांधींनी निवडणुकीची घोषणा केली आणि मार्चमध्ये मतदान झाले. लोकसभेच्या मुदतीचेही तेच. अनुच्छेद ८३ मध्ये आज पाच वर्षे आहेत, पण त्याच बेचाळिसाव्या सुधारणेने ती सहा केली होती आणि जनता सरकारच्या काळातल्या चव्वेचाळिसाव्या सुधारणेने पुन्हा पाच केली. लाल प्रतीत 'पाच वर्षे' एवढेच छापले आहे आणि दोन सरकारांमधली ती ओढाताण पानावरून पुसली गेली आहे. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठी ऑगस्ट १९७५ मध्ये घाईघाईने घातलेला आणि पुढे वगळलेला अनुच्छेद ३२९-क इथे नाहीच. ३२९ नंतर सरळ ३३० येतो आणि मध्ये काही होते, याची वाचकाला दादही लागत नाही.

निवडणुकीच्या आधी संविधानाला हात लावण्याचा वाद आणीबाणीपेक्षाही जुना आहे. पहिली सुधारणा १८ जून १९५१ ला अमलात आली, तेव्हा देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती आणि दिल्लीत बसलेली संसद हंगामी होती, प्रौढ मतदानाने निवडून आलेली नव्हती. अशा सभागृहाने मूलभूत हक्कांत फेरफार करावा का, हा श्यामाप्रसाद मुखर्जी आदी विरोधकांचा सवाल होता. त्या सुधारणेने भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची व्याप्ती वाढवली, जमीनसुधारणांचे तेरा कायदे नवव्या अनुसूचीत घालून न्यायालयीन आव्हानापासून सुरक्षित ठेवले आणि मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदींची वाट मोकळी करणारा १५(४) आणला. तेव्हा कायदामंत्री डॉ. आंबेडकर होते आणि सभागृहात त्यांनी त्या सुधारणेची बाजू मांडली होती. चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या प्रतीत तरी १५(४) खाली ही एक ओळ असायला हवी होती, असे मला राहून राहून वाटते.

इथे भाषेचाही थोडा गोंधळ आहे. अधिकृत मराठी शब्द 'सुधारणा', वर्तमानपत्रांचा 'घटनादुरुस्ती' आणि सभांमधला 'बदल'. दुरुस्ती म्हटले की आधी काही मोडले होते असे वाटते, सुधारणा म्हटले की झाले ते बऱ्यासाठीच असे वाटते आणि बदल म्हटले की घरच उतरवून नवे बांधायला घेतल्यासारखे वाटते. २०२४ चा सगळा प्रचार या तिसऱ्या शब्दावर चालला. पहिले दोन कोणी फारसे उच्चारले नाहीत.

आता ३६८ चे पान. त्याच्या दुसऱ्या खंडातले गणित प्रतीत व्यवस्थित छापले आहे. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत हवे आणि शिवाय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश हवेत. लोकसभेचे ५४३ सदस्य हजर असतील तर हा आकडा ३६२ होतो, म्हणजे चारशे हे काही कायद्यातले परिमाण नव्हे. राज्यसभेतही तेवढेच प्रमाण स्वतंत्रपणे जमवावे लागते. राष्ट्रपतीची निवडणूक, उच्च न्यायालये, केंद्र-राज्यांमधली विषयांची वाटणी, राज्यांचे संसदेतले प्रतिनिधित्व किंवा खुद्द ३६८ असा विषय असेल, तर निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थन, म्हणजे संमतीही लागते. इथवर वाचक योग्य वाटेवर असतो.

पुढे चौथा आणि पाचवा खंड येतात. संविधानात केलेल्या सुधारणेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे चौथा म्हणतो आणि संसदेच्या या अधिकाराला कोणतीही मर्यादा नाही, असे पाचवा म्हणतो. लाल प्रतीत हे दोन्ही खंड बाकीच्या मजकुरासारखेच, त्याच टाइपात, कसलीही खूण न करता छापले आहेत. प्रत्यक्षात तेही बेचाळिसाव्या सुधारणेचेच अपत्य आहेत, आणि सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते अवैध ठरवले. त्याआधी २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा निकालाने मूलभूत संरचनेची मर्यादा घालून दिली होती, म्हणजे संविधानाच्या गाभ्याला संसदेलाही धक्का लावता येणार नाही असे ठरवले होते. हे दोन खंड संहितेतून औपचारिकपणे काढले गेलेले नाहीत, म्हणून शासकीय आवृत्तीतही ते छापले जातात, पण त्यांच्याखाली ते अवैध ठरल्याची टीप असते. ती टीप गाळली की जिवंत आणि मृत कायद्यातला फरकच उरत नाही. माझ्या पुतण्याने ही प्रत वाचून मला सांगितले, "काका, पाचव्या खंडात तर लिहिलंय की संसद काहीही करू शकते. मग भीती खरीच होती ना?" त्याचे वाचन बरोबर होते, छापणाऱ्याचे काम अर्धवट होते. हीच प्रत हातात धरून दुसरा एखादा उलट बाजूने "संसदेला सर्वाधिकार आहेत, न्यायालय मध्ये येतेच कसे?" असे म्हणू शकतो आणि त्यालाही पानावरच आधार सापडेल.

वेष्टनावर '१०६व्या सुधारणेपर्यंत अद्ययावत' असे छापले आहे आणि हा दावा खरा आहे. महिला आरक्षणाचे ३३०-क आणि ३३४-क दोन्ही आहेत, मराठा आरक्षणाच्या निकालानंतर १०५व्या सुधारणेने बदललेला ३४२-क देखील आहे. पण तळटीपा नसल्याने तारखा नाहीत. आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची १०३वी सुधारणा जानेवारी २०१९ ची, म्हणजे लोकसभेच्या मतदानाच्या तीनच महिने आधीची, आणि महिला आरक्षणाची सप्टेंबर २०२३ ची, म्हणजे पुढच्या मतदानाच्या सात महिने आधीची. यांपैकी दुसरीचा लाभ जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच मिळणार, हे मात्र ३३४-क मध्ये लिहिलेले असल्याने निदान तेवढे वाचकाला कळते.

मी प्रकाशकाला सविस्तर पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी सभ्य उत्तर आले की, तळटीपा घेतल्या असत्या तर पाने वाढून प्रत खिशात मावली नसती आणि किंमत दोनशेच्या पुढे गेली असती. अडचण मी समजू शकतो, कारण फर्म्याचा हिशेब मीही आयुष्यभर पाहिला आहे. परंतु सगळ्या टिपा नकोत असे ठरवल्यावरही ज्या तरतुदी न्यायालयाने अवैध ठरवल्या आहेत तेवढ्यांपुरती एकेक ओळ देता आली असती. त्याने एक पानही वाढले नसते, कारण ३६८ संपतो त्या पानाच्या तळाशी दोन बोटे जागा रिकामीच आहे.

उद्देशिका पाठ करायला, मूलभूत हक्क वाचायला, मुलाच्या हाती द्यायला किंवा सभेत उंचावायला ही प्रत पुरेशी आहे आणि दीडशे रुपयांत अशी शिवण मिळत नाही. वाद घालायचा असेल, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, तर जाड शासकीय आवृत्तीच जवळ ठेवावी. लाल प्रतच हवी असेल तर पैसे देण्याआधी स्टॉलवरच ३६८ चे पान उघडून पाचव्या खंडाखाली काही छापले आहे का, ते पाहून घ्यावे. माझ्या प्रतीत त्या दोन बोटे जागेत मी पेन्सिलीने 'खंड ४ व ५ अवैध, सर्वोच्च न्यायालय, १९८०' असे लिहून ठेवले आहे, आणि पुतण्याच्या प्रतीत त्याच्याकडून लिहून घेतले आहे.