लांब इंग्रजी शब्द, अक्षरगट आणि अँकी : पावसाळा ते संक्रांत वापरल्यानंतर

नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा देणाऱ्या, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना विषय अडत नाही, स्पेलिंग अडतं. अशा नर्सिंग आणि बीएएमएसच्या (आयुर्वेद पदवीच्या) मुलांसाठी आम्ही अँकी या प्रश्नोत्तरांची कार्डं ठरावीक अंतराने पुन्हा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डांचा संच बनवला आणि पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत अभ्यासिकेत रोज वापरला. शब्द ए-बी-सी-डीच्या क्रमाने न लावता समान अक्षरगटाने लावले, एवढाच त्यातला वेगळेपणा. पद्धत चांगली आहे, पण दोन-तीन ठिकाणी ती हमखास फसते.

आधी मांडणी. अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. कार्डाचा प्रकार ‘बेसिक, टाइप इन द आन्सर’ हाच घ्या. समोर मराठी अर्थ येतो, उत्तर टाइप करायचं, चुकलेलं अक्षर लाल दिसतं. नुसतं ‘आठवलं’ म्हणून पुढे जाता येत नाही, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. शब्दाची फोड मात्र उत्तराच्या रकान्यात लिहू नका. तिथे जोडरेघ टाकली तर प्रोग्रॅम तीही टाइप करायला लावतो. फोडीसाठी वेगळं फील्ड जोडा. फोनच्या कीबोर्डवरच्या सूचना आणि आपोआप येणारं पहिलं कॅपिटल अक्षर बंद करा. नाहीतर अर्धं स्पेलिंग फोनच पुरवतो आणि बरोबर उत्तरही कॅपिटलमुळे लाल होतं. रोज 20 नवी कार्डं ही मूळ सेटिंग लांब शब्दांना झेपत नाही. 8 ठेवा.

आता गट. आर-आर-एच हा आमचा सर्वांत आवडता. डायरिया, हेमरेज, कटार (सर्दीतला कफ), तिन्हींत दोन आर आणि मग एच. कारण ग्रीकमध्ये ‘ऱ्हो’ने, म्हणजे त्यांच्या आरने, सुरू होणारा शब्द दुसऱ्याला मागून जोडला की तो आर दुप्पट होतो. डायरियात ‘वाहणे’, हेमरेजमध्ये ‘फुटणे’. हे एकदा कळलं की पाठ करायला फारसं उरत नाही. पी-एच-टी-एच हा गट लहान, पण ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टच्या (डोळ्यांचे डॉक्टर) 15 अक्षरांतला पहिला एच गाळणारे फार. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजिस्ट 21 अक्षरांचा, तरी ओटो, ऱ्हायनो, लॅरिंगो असे कान, नाक, स्वरयंत्र सुटे केले की दोन दिवसांत बसतो. बीएएमएसवाल्यांना तर संस्कृतचा घरचाच आधार आहे: दंत आणि डेंट, पाद आणि पेड, नासा आणि नेझल, जानु आणि जेनू ही सख्खी नाती आहेत.

शेवटच्या अक्षरांचे गट जपून हाताळा. कोलेक्टमी म्हणजे मोठं आतडं, पूर्ण किंवा काही भाग, काढून टाकणं. कोलॉटमी म्हणजे त्याला छेद देणं. कोलॉस्टमी म्हणजे पोटावर त्याचं तोंड उघडणं. शेवटच्या दोघांत फरक एका एसचा! तिन्ही कार्डं एकाच दिवशी घातली की आठवडाभर गोंधळ चालतो, कारण तिघांचाही ठसा अजून कच्चाच असतो. आधी ‘एक्टमी’ पक्कं होऊ द्या, टॉन्सिलेक्टमीसारख्या ओळखीच्या शब्दावर. मग छेद, आणि ‘स्टोमा म्हणजे तोंड’ हे सर्वांत शेवटी. हायपर (जास्त) आणि हायपो (कमी) यांचंही तेच. हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर कमी होणं, उलटं लिहिलं तर मार्क जाणं ही लहान गोष्ट, वॉर्डात ते जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात घातक म्हणजे खोटे गट. अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही. पेडल आणि पेडेस्ट्रियनमधला पेड लॅटिन, पायाचा. पीडिॲट्रिशियनमधला ग्रीक, मुलाचा. म्हणूनच ब्रिटिश स्पेलिंगमध्ये तिथे ए-ई येतं आणि अमेरिकन पुस्तकात नुसतं ई आलं की गफलत होते. ऑर्थोपेडिकमध्येही मूलच आहे, पाय किंवा हाड नाही. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने 1741 मध्ये मुलांची वाकलेली शरीरं सरळ करण्यासाठी हा शब्द घडवला. अतिघामाच्या हायपरहायड्रोसिसमधल्या ‘हायड्रो’त वाय नसून आय आहे, कारण तिथे पाणी नाही, घाम आहे. तयार मिळणाऱ्या बऱ्याच याद्यांत हे सगळं सरसकट एकत्र टाकलेलं असतं. त्या डाउनलोड करू नका, स्वतः बनवा.

नवलाईचे शब्द अभ्यासाच्या संचात नकोत, ते वेगळ्या डेकमध्ये ठेवा. 45 अक्षरांचा न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस हा 1935 च्या सुमारास कोडी सोडवणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेतून मुद्दाम लांब केलेला शब्द. डॉक्टर सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) लिहितात. मात्र त्याची फोड करून बघाच. न्यूमोनो फुप्फुस, कोनिओ धूळ, हे दोन तुकडे खऱ्या पेपरात उपयोगी पडतात. डर्मॅटोग्लिफिक्स, म्हणजे बोटांच्या रेषांचा अभ्यास, यात 15 अक्षरं आणि एकही पुन्हा येत नाही. सबकॉन्टिनेंटलमध्ये पाचही स्वर उलट्या क्रमाने येतात. मुलांना हे भारी आवडतं आणि कंटाळलेल्या दुपारी कामी येतं.

आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अँकी ‘लीच’ (जळू) अशी खूण करतं. अशी कार्डं पुन्हा पुन्हा घोकू नका. आमच्याकडे उरलेल्या लीचांत इलियमची जोडी वरचढ होती: ई असलेलं लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असलेलं कमरेचं हाड. उच्चार सारखाच, आणि फोडायलाही काही नाही. इथे अक्षरगट सोडून द्या आणि दोन्ही कार्डांवर त्या त्या अवयवाचं चित्र चिकटवा.