पाच महिन्यांच्या वापरानंतर: डंजन्स अँड ड्रॅगन्सचा स्टार्टर सेट आणि नवखा डीएम

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ. हा अनुभव त्याच्या 2014 च्या स्टार्टर सेटचा. खोक्यात 32 पानांचं नियमपुस्तक, 64 पानांचं साहसाचं पुस्तक, पाच तयार कॅरेक्टर शीट (पात्राचे आकडे लिहिलेले कागद) आणि सहा फासे येतात. वापर असा: जूनच्या पहिल्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंत, सिंधुदुर्गात, चार खेळाडू आणि एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा), आठवड्यातून एक संध्याकाळ, साधारण तीन तास. टेबल नाही, पडवीतला कोबा. पाचांपैकी कुणीही आधी हा खेळ खेळलेलं नव्हतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. खोका उत्तम आहे, पण तो नियम शिकवतो, डीएम व्हायला शिकवत नाही. आणि पहिल्याच संध्याकाळी असा एक प्रसंग समोर ठेवतो, की तो जसाच्या तसा चालवला तर अर्धा गट आडवा होतो.

प्रसंग साधा आहे. मालाची गाडी घेऊन जाताना वाटेत दोन मेलेले घोडे दिसतात आणि झाडीतून चार गोब्लिन (छोटे दुष्ट राक्षस) तुटून पडतात. गोब्लिनचे आकडे एका कार्डावर मावतात: आर्मर क्लास (घाव लागायला गाठावा लागणारा आकडा) 15, हिट पॉइंट (किती इजा सोसता येते) 7, हल्ल्याच्या फाशात +4, इजा एक डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा) अधिक 2. वाचायला किरकोळ वाटतं. आता विझार्डचं (जादूगाराचं) शीट बघा. हिट पॉइंट 8, आर्मर क्लास 12. गोब्लिनला वीस बाजूंच्या फाशावर 8 किंवा वर पडलं की घाव लागला, म्हणजे शंभरात पासष्ट वेळा. एका घावाची सरासरी इजा साडेपाच, दोन घावांत विझार्ड खाली. त्यात गोब्लिन लपलेले असतात, ते कुणाला दिसले नाहीत तर खेळाडूंची पहिली पाळी फुकट जाते. ढाल घेतलेल्या क्लेरिकचा (लढणाऱ्या पुजाऱ्याचा) आर्मर क्लास 18 असल्यामुळे त्याच्यावर हेच घाव शंभरात पस्तीस वेळाच लागतात. नवखा डीएम मात्र जो नेम सोपा दिसतो तिथेच चारही बाण सोडतो.

उपाय फासे लपवून खोटं बोलण्यात नाही. एकदा ते पकडलं गेलं की पुढच्या प्रत्येक फाशाकडे संशयाने बघतात. गोब्लिनला काय हवंय ते ठरवा, काम झालं. त्यांना माल हवाय, मुडदे नकोत. प्रत्येक गोब्लिनला वेगळा नेम द्या, दोघे जवळ येऊ द्या, दोघे लांबून बाण मारू देत, तीन पडले की चौथा पळू दे. तो जिकडे पळाला तीच त्यांच्या गुहेची वाट. म्हणजे माग काढायचा फासा कुणाचा फसला तरी गोष्ट अडत नाही. पुढे जायला जी माहिती लागणारच आहे, ती फाशाच्या मागे कधीही कोंडू नये. गट हरलाच, तर शुद्धीवर येतात तेव्हा खिसे रिकामे आणि गाडी लुटलेली, एवढंच. पुस्तकही तसंच सुचवतं.

गुहेत क्लार्ग नावाचा बगबेअर (मोठा केसाळ राक्षस) आहे आणि खरा धोका तो. त्याच्या एका घावाची सरासरी 11, बेसावध गाठलं तर आणखी दोन डी-सिक्स, म्हणजे एकूण 18 च्या घरात. इथे नियमपुस्तकातली एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते: शून्यावर आल्यावर उरलेली इजा तुमच्या कमाल हिट पॉइंटइतकी किंवा जास्त असेल तर बेशुद्ध वगैरे काही नाही, थेट मृत्यू. 8 हिट पॉइंटच्या विझार्डला 18 बसले, उरले 10. संपलं. बेसावध नसताना 11 बसले तर उरतात 3, आणि तो वाचवता येतो. म्हणून क्लार्गला अंधारातून वार करायला लावू नका. त्याला दशावतारातल्या संकासुरासारखा आणा: आधी गर्जना, मग बढाया, मग घाव. रंगत वाढते आणि विझार्ड जगतो.

दशावताराची आठवण उगाच नाही काढली. नवा डीएम सर्वांत जास्त वेळ घालवतो तो संवाद लिहून काढण्यात, आणि तोच वेळ सर्वांत वाया जातो. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण काय सोंग घेणार ते ठरतं, आणि बोलणं रंगमंचावर सुचतं. डीएमची तयारी तेवढीच हवी. प्रत्येक पात्रासाठी तीन गोष्टी: त्याला काय हवंय, तो कशाला घाबरतो, तो बोलताना काय करतो (पान जुळवतो, उगाच खाकरतो, काहीही). बस्स. एका सेशनला पाऊण तास तयारी पुरते. दोन तासांहून जास्त लागत असेल तर तुम्ही नाटक लिहायला बसलाय.

पुस्तकातले चौकटीतले परिच्छेद वाचून दाखवायचे असतात. इंग्रजीत वाचले की गटाचे डोळे मोबाइलकडे वळतात, शब्दशः मराठी केलं की सगळं सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. एकदा वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि चार-पाच वाक्यांत बोलायचं. वरचाच प्रसंग मालवणीत असा: “गाडो वळणार इलो. फुडे रस्त्यार दोन घोडे आडवे पडलेत. अंगात काळ्या पिसांचे बाण. दोनय बाजूक दाट झाडी. काय करतास?” शेवटचा प्रश्न विसरू नका. तो विचारल्याशिवाय कुणी हलत नाही.

जागाही इकडे आणता येते. गाव खाडीवरचं बंदर केलं, जंगलातली वाट घाटातली केली, लाल अंगरख्यांची टोळी ‘तांबडे पटकेवाले’ झाली; एकही आकडा बदलावा लागला नाही. एक सावधगिरी: गोब्लिनचा देवचार करू नका. देवचार इकडे राखणदार आहे, त्याला नारळ देतात, त्याला तलवारीने मारायचं नसतं. पडवीत खेळताना आतून आजी ऐकत असतात हे लक्षात ठेवलेलं बरं.

गावात पोचल्यावर दुसरी अडचण. पुस्तक एकदम डझनभर माणसं पुढे करतं, प्रत्येकाचं एकेक काम. सगळी एका संध्याकाळी भेटवली तर खेळाडू नावं विसरतात आणि डीएमही. पहिल्या दिवशी तीनच: माल उतरवून घेणारा दुकानदार (तो माणशी दहा सोन्याची नाणी देतो), खाणावळीतलं कुणीतरी, आणि गुहेतून सोडवून आणलेला माणूस. बाकीचे गरज लागेल तसे.

त्याहून मोठा खड्डा म्हणजे उजाड गावातला हिरवा ड्रॅगन. गट तिसऱ्या लेव्हलला (पात्रांच्या ताकदीच्या तिसऱ्या पायरीला) तिथे सहज पोचतो. ड्रॅगनचे हिट पॉइंट 136, विषारी फुंकर बारा डी-सिक्स, सरासरी 42. तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डचे कमाल 20 धरा. 42 बसले की 22 उरतात, आणि वरचा तोच नियम. सेव्ह (इजा निम्मी करणारा बचावाचा फासा) जमला तर 21, म्हणजे फक्त बेशुद्ध. एका फाशाचा फरक. त्यामुळे तिथे पोचण्याआधी तीनदा तरी इशारा द्या: करपलेली पानं, ओस पडलेली घरं, आणि ड्रॅगनला बघून पळून आलेला एखादा माणूस. आणि ड्रॅगनला बोलू द्या. तो सौदा करेल, धमकी देईल, खंडणी मागेल. लढाई हा त्याच्या भेटीचा एकच प्रकार नाही.

सामानाबद्दल. सहा फाशांत डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा) एकच, आणि अ‍ॅडव्हान्टेजला (दोन टाकून मोठा आकडा घ्यायचा, त्याला) दोन लागतात. एकच दोनदा टाकता येतो, पण पाच जणांत तो फिरवण्यात वेळ जातो. सात फाशांचे दोन संच वेगळे घ्यावेत. फासे ताटात टॉवेल अंथरून टाका, नाहीतर ते झोपाळ्याखाली जातात. लढाईला कोब्यावर खडूने चौकोन आखले, एक चौकोन पाच फूट. गोब्लिनसाठी काजूच्या बिया, खेळाडूंसाठी वेगवेगळे शिंपले. पाळीचा क्रम दोरीला लावलेल्या कपड्यांच्या चिमट्यांवर: प्रत्येक चिमट्यावर नाव, इनिशिएटिव्ह पडला की चिमटे सरकवायचे. नियम अडला तर एक मिनिट शोधा, त्यापुढे फाशावर गाठायचा आकडा सोपं 10, मध्यम 15, अवघड 20 म्हणा आणि चालू पडा.

खोक्याची उणीव: यात कॅरेक्टर बनवण्याचे नियमच नाहीत आणि सगळं पाचव्या लेव्हलला थांबतं. त्यासाठी मोफत मिळणारे मूळ नियम उतरवून घ्यावे लागतात. नियमांचा एसआरडी 5.1 हा दस्तऐवज जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, म्हणून श्रेय देऊन त्याचा मराठी तक्ता बनवायला हरकत नाही. एका पानाचा तक्ता (हल्ला, सेव्ह, पाळीत काय काय करता येतं) प्रत्येकाला दिला की तिसऱ्या सेशनपासून प्रश्न निम्म्यावर येतात. साहसाचं पुस्तक मात्र त्या परवान्यात नाही, त्याचं भाषांतर वाटू नये. 2014 चा खोका मिळाला नाही तर 2022 चा आहे. गोष्ट बेटावरची, म्हणजे इकडच्यांना जवळची, पण ती तिसऱ्या लेव्हललाच संपते.

पावसाळ्याचा हिशोब वेगळा. दोन्ही पुस्तकं पिनांनी शिवलेली आहेत आणि खाऱ्या दमट हवेत ऑगस्टपर्यंत पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग पडतात. कॅरेक्टर शीट मऊ होऊन पेन्सिलीने खोडताना फाटतात. पहिल्याच दिवशी शीटच्या झेरॉक्स काढा, मूळ प्रती घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. लाइट जाणार हे गृहीत धरून चार्जिंगचा दिवा जवळ ठेवा.

गणपतीत दोन आठवडे खेळ बंद राहतो, आणि गट तुटतो तो इथेच. सुट्टीआधीचं सेशन लढाईच्या मध्यात थांबवू नका. थांबावंच लागलं तर खडूच्या नकाशाचा फोटो, प्रत्येकाचे हिट पॉइंट आणि वापरलेली स्पेल (मंत्र) एका कार्डावर, आणि त्याच कार्डाच्या मागे एक ओळ: आता पाळी कोणाची.