मार्शलांच्या पाठीवरची नावं आणि भद्रकालीतले मामा

मोटर रॅलीला किंवा ऑटोक्रॉसला (मातीच्या मैदानावरची घड्याळाविरुद्धची गाड्यांची शर्यत) मार्शल म्हणून, म्हणजे रस्त्याकडेला झेंडे, टेप, वेळ सांभाळायला उभं राहत असाल आणि सुटावर नाव भरून घ्यायचं असेल, तर नाशिकमध्ये मी एकच जागा सांगेन. भद्रकालीतलं मामांचं एम्ब्रॉयडरीचं दुकान. दुकानाला पाटी नाही, आणि नाव-नंबर कुठे टाकायचा नाही असं मामांनी बजावलंय, म्हणून देत नाही. मेन रोडवरून भद्रकालीकडे वळलात की कापडवाल्यांच्या मागच्या गल्लीत "शाळेचे बॅज भरतात ते कुठे?" एवढं विचारा, कोणीही दाखवेल. दुचाकीनेच जा. चारचाकी शालिमारच्या पुढे नेण्यात अर्थ नाही.

मामांचा पोटापाण्याचा धंदा शाळांचे बॅज, ढोल पथकांची जॅकेटं आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे शर्ट हा. आमचे नारिंगी सूट म्हणजे वर्षातून मोजके नग. तरीही मी हे इतकं लिहितेय, कारण आमच्यासाठी ते नाव काय असतं हे या माणसाला बरोबर कळलंय.

आम्ही सगळे बिनपगारी. कोणी सातपूरच्या वर्कशॉपमध्ये, कोणी बँकेत, कोणी अजून कॉलेजात. शनिवार-रविवार पहाटे घाटात जाऊन उभं राहायचं, धूळ खायची, संध्याकाळी परत यायचं. पैसे मिळत नाहीत, फोटोत कोणी येत नाही. मिळतं ते एक नाव. आणि ते स्वतःचं स्वतः ठेवता येत नाही, पोस्टवरच्या, म्हणजे आपल्या उभं राहायच्या ठिकाणच्या लोकांनी द्यावं लागतं. घाटातल्या दरडीवर चढून प्रेक्षकांना अडवणारी सगळ्यात वरची टेप बांधणारा तो घोरपड. टप्पा संपल्यावर शेवटच्या गाडीतून मागचा कचरा, टेप, खुंट्या गोळा करत येणारे ते झाडूअण्णा. वायरलेसवर समोरच्याकडून प्रत्येक निरोप परत म्हणवून घेतल्याशिवाय न सोडणारा तो रिपीट. आणि मी मिनिटताई.

माझं नाव टाइम कंट्रोलवरचं, म्हणजे गाड्यांची वेळ नोंदवायच्या चौकीवरचं आहे. रॅलीत प्रत्येक गाडीला कंट्रोलवर ठरलेल्या मिनिटालाच नोंद करावी लागते. उशीर झाला तर मिनिटाला 10 सेकंदांचा दंड, लवकर आलात तर मिनिटाला पूर्ण 1 मिनिटाचा. ठरलेली वेळ कोणती हे स्पर्धकाने स्वतः काढायचं; मार्शलने ती सांगायची नाही असा नियमच आहे. को-ड्रायव्हर, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा, खिडकीतून वेळ लिहायचं कार्ड पुढे करतो, मागे घेतो, "ताई, झालं का हो मिनिट?" म्हणून विनवतो. मी त्याच्याकडे हसून बघते आणि गप्प राहते. त्याने कार्ड हातात दिलं की त्या क्षणीचं मिनिट लिहिते, एक सेकंद इकडे नाही की तिकडे. हे नाव मला आमच्या झेंडेवाल्यांनी दिलं, आणि मी ते अभिमानाने मिरवते.

वायरलेसवर मात्र ही नावं चालत नाहीत. तिथे फक्त पोस्ट क्रमांक. गाडी उलटली असताना "घोरपड, ऐकतोयस का?" असं कोणी म्हणालं तर कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला काय समजणार? म्हणून नावं राहतात चहाच्या वेळेला आणि पाठीवर. पाठीवर असली की नवखा माणूससुद्धा लांबून बघून ओळखतो की टेप कोणाकडे मागायची आणि निरोप कोणाला द्यायचा.

मामांनी यात स्वतःचा एक नियम घातलाय. टोपणनाव भरायचं तर सोबत दोन जुने मार्शल हवेत, आणि नाव त्यांनी सांगायचं. आमच्याकडचा एक कॉलेजचा पोरगा एकटाच गेला आणि म्हणाला, पाठीवर 'टर्बो' भरा. मामांनी चष्मा वर केला. "कोणी ठेवलं?" पोरगा म्हणाला, मीच. मामांनी सूट घडी घालून परत दिला. पुढच्या रॅलीत हाच पोरगा गावाजवळच्या पोस्टवर होता. पाड्यावरची कुत्री रस्त्यावर यायची थांबेनात, तर त्याने सगळ्या पोस्टची बिस्किटं घेतली आणि कुत्र्यांना बांधापलीकडे नेऊन शेवटची गाडी जाईपर्यंत तिथेच रमवून ठेवलं. हे काम लहान समजू नका. 2011 साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा शुक्रवारच्या पहिल्याच सरावात कुत्रा ट्रॅकवर आला आणि लाल झेंडा दाखवून सत्र थांबवावं लागलं होतं. आमच्या पोराने तसं होऊ दिलं नाही. आम्ही दोघं त्याला घेऊन मामांकडे गेलो. आता त्याच्या पाठीवर 'बिस्कीट' आहे, आणि मामांनी ते नाव फुकट भरून दिलं.

आता कामाविषयी, कारण शेवटी पैसे त्याचेच द्यायचे आहेत.

मशीनवर देवनागरी भरणं अवघड असतं. शहरातल्या एका मोठ्या दुकानाने आधी आमच्या नावांची पार वाट लावली होती: 'झाडूअण्णा'तला जोडाक्षराचा 'ण्ण' सुटा होऊन लांब गेलेला, ऱ्हस्व-दीर्घ उलटे, शिरोरेषा मध्येच तुटलेली. मामा तयार फॉन्ट वापरत नाहीत. नाव आधी पेन्सिलीने आलेख कागदावर स्वतः काढतात, आपल्याला दाखवतात, मग त्यांचा मुलगा ते कॉम्प्युटरवर चढवतो. मशीन चालताना नीट बघा: अक्षरांचं अंग आधी भरलं जातं, डावीकडून उजवीकडे, आणि शिरोरेषा अगदी शेवटी, एका दमात. रेषा आधी घातली तर नंतरचे टाके कापड ओढतात आणि तिला लाटा येतात, असं मामांचं म्हणणं. खाली बकरम, म्हणजे आधाराचं कडक कापड, दुहेरी लावतात. माझा सूट असंख्य वेळा धुतलाय, घाटातली लाल माती ब्रशने घासून काढलीय. रेषा अजून सरळ आहे.

धाग्याबद्दल मी सगळ्यांना बजावून सांगते. बाजारात एम्ब्रॉयडरीसाठी सर्रास मिळतो तो चमकदार पॉलिस्टर धागा. साध्या पोस्टवर तो चालेल. पण अग्निशामक घेऊन उभे राहणाऱ्यांनी तो अंगावर घेऊ नये. पॉलिस्टर उष्णतेने वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. सुती धागा जळतो, पण चिकटत नाही. सर्किटवर ड्रायव्हरच्या सुटांना तर बिल्ला कुठल्या धाग्याने शिवायचा याचेही नियम आहेत. मी हे मामांना एकदा समजावून सांगितलं. त्यानंतर आमच्यातलं कोणीही गेलं की मामांचा पहिला प्रश्न असतो, "फायरवाला का?" हो म्हटलं की सुती रीळ निघतं. दिसायला मंद, चमक नाही, आणि सुती धाग्याचे जास्त पैसे घेत नाहीत.

तसंच रंगाचं. आमच्या पोशाखावर पिवळा किंवा लाल रंग मोठा दिसता कामा नये, कारण ते झेंड्यांचे रंग. दीडशेच्या वेगात येणाऱ्याला कोपऱ्यातलं पिवळं काहीतरी दिसलं तर तो झेंडा समजून ब्रेक मारेल. म्हणून नारिंगीवर काळं किंवा गडद निळं, बस्स. पुण्याच्या मंडळींना पाठीवर पिवळी पट्टी हवी होती. मामांनी नाही म्हटलं.

पुण्याचा विषय निघालाच आहे तर किटलीचं सांगते. नाशिकला राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्यात, त्या वेळी मुंबई-पुण्याहून मार्शल यायचे, आणि तेव्हापासून आमची त्यांच्याशी चुरस आहे. कोणाच्या पोस्टवरून आलेला निरोप कंट्रोल रूमला परत विचारावा लागला नाही, कोणाच्या टेपेखालून एकही प्रेक्षक आत शिरला नाही, कोणी गाडी खड्ड्यातून आधी काढली, यावर संध्याकाळी जोरदार भांडण होतं आणि शेवटी एक पोस्ट जिंकते. जिंकणाऱ्यांना बक्षीस म्हणजे डाव्या बाहीवर एक छोटी भरलेली किटली. चहाची, नळी असलेली. दोन इंचांची. मामांनी स्वतः काढलेली ही किटली इतकी सुबक आहे, की तिच्या झाकणावरचा गोळासुद्धा वेगळ्या टाक्यात आहे.

पुणेकरांनी एकदा गुपचूप ही किटली भरून घ्यायचा बेत केला. एक जण नाशिकला लग्नाला आला होता, जाता जाता मामांच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, आम्ही जिंकलो, भरून द्या. मामांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि आतल्या खोलीतून मला फोन लावला. "ताई, पुण्याची पोस्ट जिंकली का हो?" मी म्हटलं, नाही मामा, अजिबात नाही. बाहेर येऊन मामा त्या पाहुण्याला म्हणाले, किटलीची फाइल सापडत नाही बुवा. पुढच्या वर्षी त्याच पोस्टने खरोखर बाजी मारली. पावसात धुक्याने दहा पावलांवरचं दिसत नव्हतं, तरी त्यांचा एकही निरोप चुकला नाही. मी स्वतः त्यांचे सूट घेऊन मामांकडे गेले. त्या दादांचं नाव आता आमच्याकडेही 'लग्नघर' पडलंय, पुणेकरांनी ते मान्य केलंय, आणि मामांनी ते किटलीच्या वर भरलंय.

सरावाचे झेंडेही मामा शिवून देतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. माप त्यांना तोंडपाठ: साधे झेंडे किमान 60 बाय 80 सेंटिमीटर, लाल आणि चौकटीचा 80 बाय 100. घसरड्या रस्त्याच्या पिवळ्या झेंड्यावरचे लाल पट्टे उभेच हवेत, हे त्यांना परत सांगावं लागत नाही. काळ्या झेंड्यावरची नारिंगी टिकली 40 सेंटिमीटर व्यासाची असते. ती ते ताटाने आखत नाहीत, कंपासने आखतात. कडा दोनदा दुमडून शिवतात, त्यामुळे जोरात फडकवला तरी दोरे सुटत नाहीत.

दर असे: छातीवर छोटं नाव 90 रुपये, पाठीवर दोन इंची अक्षरात 200, बाहीवरची किटली 120. मोठं काम असेल तर टाक्यांवर हिशेब. फक्त रोख. पावतीवर मामा टोपणनावच लिहितात, त्यामुळे ग्रुपचे सूट एकत्र दिलेत तर घरी जाऊन कोणाचा कोणता हे शोधावं लागत नाही.

उणीवही सांगते. गणपतीच्या आधी मामांकडे काहीही देऊ नका. ढोल पथकांची जॅकेटं ढिगाने येतात आणि आपलं काम मागे पडतं. एकदा आमचे सूट स्पर्धेच्या आदल्या रात्री अकराला मिळाले, तेही मामांचा मुलगा स्वतः गंगापूर रोडला घेऊन आला म्हणून. दुसरं, मानेजवळच्या नावाच्या मागचं बकरम उन्हात घामाने टोचतं. आतून मलमलचा तुकडा लावून मागा. आपण होऊन ते लावत नाहीत, सांगितलं की लगेच लावतात. तिसरं, दुपारी दीड ते चार दुकान बंद, आणि तेव्हा शटर वाजवलेलं मामांना आवडत नाही.

सूट धुऊन, इस्त्री करून न्या. फ्रेममध्ये चुरगळलेलं कापड ताणलं की अक्षर तिरकं बसतं. आणि नवा मार्शल असाल तर आधी एक रॅली उभे राहा, मग दोघांना सोबत घेऊन जा. एकटे गेलात तर मामा चहा पाजतील, पण सुई लावणार नाहीत.