हायड्रोचा ५० किलोचा ड्रम: माल उत्तम, माप मोठं

रंगाईखात्यात ज्याला सगळे नुसतं ‘हायड्रो’ म्हणतात, ते सोडियम हायड्रोसल्फाइट ५० किलोच्या लोखंडी ड्रममध्ये येतं. आत पॉलिथिनची पिशवी, वर झाकण, झाकणाला लॉकिंग रिंग. ड्रमवर वरचा अर्धा भाग पांढरा आणि खालचा लाल असं ज्वाळेचं लेबल आणि यूएन १३८४ हा धोकादायक मालाचा क्रमांक असलाच पाहिजे. साध्या पिशवीत सुटा भरून दिलेला माल कितीही स्वस्त पडला तरी घेऊ नका. भरताना त्यात किती दमट हवा शिरली, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

८८ ते ९० टक्के शुद्धतेच्या मालाबद्दल तक्रार नाही. पॉलिएस्टरवरचा वरवरचा रंग धुऊन काढायला लिटरला २ ग्रॅम हायड्रो, तेवढाच कॉस्टिक सोडा, ७० ते ८० अंशांवर २० मिनिटं, की काम स्वच्छ होतं. तक्रार आहे ती मापाची. १,५०० लिटरच्या जेटला (कापड रंगवायच्या मशीनला) एका वेळी ३ किलो पुरतं, म्हणजे एक ड्रम सोळा बॅच चालतो. दिवसाला दोनच बॅच काढणाऱ्या लहान खात्यात तो आठवडाभर वाफेच्या हवेत उघडत-मिटत राहतो. लहान सीलबंद पॅक मिळत असेल तर किलोमागे चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

कारण या पावडरला भरपूर पाण्यापेक्षा थोडं पाणी जास्त वाईट. ओला मग, कपाळावरचा घाम, वरच्या पाइपातून पडलेले चार थेंब एवढंही पुरतं. पावडर तापते, ऊब ढिगाच्या पोटात कोंडते, आणि तापमान ९० अंशांच्या आसपास गेलं की ती स्वतःच विघटित होऊन सल्फर डायऑक्साइड सोडू लागते. १९९५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लोडाय इथे हायड्रो आणि ॲल्युमिनियम पावडरच्या मिक्सरमध्ये पाणी शिरलं. त्या स्फोटात पाच कामगार गेले.

म्हणून माप काढायचा मग प्लास्टिकचा, कोरडा आणि फक्त हायड्रोसाठी ठेवलेला हवा. वजन कोरड्या डब्यात करा. पावडर पाण्यात सोडायची, पावडरवर पाणी कधीच ओतायचं नाही. टाकीत आधी थंड पाणी, मग कॉस्टिक विरघळवून ते निवू द्या, शेवटी हायड्रो थोडं थोडं. माप काढलं की पिशवीचं तोंड पिळून बांधा आणि रिंग लगेच आवळा. कलर किचनमध्ये, म्हणजे रंग-रसायनं मोजून कालवायच्या खोलीत, सर्रास चुकतं ते इथेच: झाकण नुसतं वर टेकवून ठेवतात.

स्टोअरमध्ये पेरॉक्साइड, ब्लीचिंग पावडर आणि ॲसेटिक ॲसिड यांच्या शेजारी हा ड्रम नको. पहिल्या दोघांशी गाठ पडली तर आगीची भीती, ॲसिडशी पडली तर विषारी वायू. धुळीसाठीचा साधा मास्क हा वायू अडवत नाही. त्याला ई प्रकारचा पिवळ्या पट्ट्याचा कार्ट्रिज (मास्कला लावायचा वायू गाळणारा डबा) लागतो, जोडीला बंद गॉगल आणि कोरडे हातमोजे. पेटलेल्या ड्रमजवळ मात्र कार्ट्रिजच्या भरवशावर जायचं नाही, तिथे हवेचा सिलिंडर असलेला श्वसनसंचच हवा.

झाकण उघडताच जळलेल्या काडीसारखा झोंबरा वास आला, पावडरचे गोळे झालेले दिसले किंवा ड्रम हाताला कोमट लागला, तर तो वापरू नका. धूर दिसला की माणसं वारा जिकडून येतो त्या बाजूला काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. वाळू किंवा आग विझवायचा ड्राय पावडरचा सिलिंडर इथे हरतो, कारण या आगीला बाहेरची हवा लागत नाही. बादलीभर पाण्याने ती आणखी भडकते. लांबून होजने पाण्याचा लोंढाच सोडावा लागतो. म्हणून हायड्रोची जागा दाराजवळ, होज पोहोचेल अशी, पण गळक्या छतापासून आणि वाफेपासून दूर असावी.

सांडलेली पावडर ओल्या फडक्याने पुसू नका, ओल्या कचऱ्यातही टाकू नका. कोरड्या फावड्याने उचला आणि किंचित कॉस्टिक घातलेल्या भरपूर पाण्यात थोडी थोडी सोडून ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेला) पाठवा. रिकाम्या ड्रमच्या पिशवीच्या घडीतही पावडर अडकून राहते. भंगारात देण्याआधी पिशवी आणि ड्रम दोन्ही भरपूर पाण्याने धुवा, आणि तो ड्रम कुणाच्या घरी पाणी साठवायला जाऊ नये म्हणून तळाला भोक पाडूनच द्या.