पुण्याच्या एका कंटेंट एजन्सीचा अनुभव, २ स्टार

नाव टाकत नाही, पण काय झालं ते नीट सांगते कारण आपल्याकडची जळगाव-भुसावळची बरीच पोरंपोरी आता घरबसल्या लिहायचं काम शोधतायत.

ऑगस्टमध्ये मेसेज आला, शेतीवाल्या क्लायंटसाठी मराठी लेखक पाहिजे. मी आधीचे तीन लेख पाठवले, आवडले म्हणे, पण आमच्या विषयावर एक टेस्ट द्या, केळीवरचा करपा, १२०० शब्द, टेस्टचे पैसे नाही, सिलेक्शन झालं की शब्दाला १ रुपया. आता केळी म्हटल्यावर मी काय मागे हटते! रविवारी बसने रावेरकडे मामांच्या मळ्यात गेले, पानं बघितली, आधी खालच्या पानांवर बारीक पिवळट रेघा, मग तपकिरी ठिपके आणि मधोमध राखाडी, पावसाळी दमट हवेत ही बुरशी कशी पसरते, रोगट पान कापून बागेबाहेर नेऊन जाळायचं, बागेत पडू द्यायचं नाही, सगळं मामांना विचारून विचारून लिहिलं. मामा म्हणे, टिश्यूकल्चरचं (लॅबमध्ये वाढवलेल्या रोपांचं) ग्रँड नैन जातीचं केळं लावलं म्हणजे करपा येत नाही असं लोक समजतात, पण येतो, ते पण टाक भो. टाकलं. दोन दिवस गेले त्यात.

मग "प्रोजेक्ट सध्या होल्डवर आहे" एवढंच उत्तर, नंतर काहीच नाही.

तीन आठवड्यांनी मामांचा फोन, अगं खतवाल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लेख आलाय, त्यात मी तुला सांगितलेलंच लिहिलंय. उघडून बघते तर माझाच लेख, एका औषध कंपनीच्या पेजवर, नाव कोणाचंच नाही. खूप वाईट वाटलं, खरंच.

दोनातला एक स्टार यासाठी की काय पाहिजे ते त्यांनी एकदम स्पष्ट लिहून दिलं होतं, आणि दुसरा यासाठी की लेख त्यांच्या हातात पडेपर्यंत उत्तरं त्याच दिवशी यायची.

सॅम्पल देऊच नका असं मी म्हणत नाही. पण जळगावच्या सराफ बाजारात सोनार तयार अंगठ्या दाखवतो, तुमच्या मापाची नवी घडवायची तर आधी बयाणा ठेवावा लागतो, आपलं पण तसंच पाहिजे. नवीन असाल, दाखवायला काही नसेल तर स्वतःच्या आवडीच्या विषयावर दोन-तीन लेख लिहून स्वतःच्या नावाने टाकून ठेवा आणि तेच सगळ्यांना पाठवा. क्लायंटला त्याच्याच विषयावर बघायचं असेल तर मुद्दे आणि सुरुवातीचा एक पॅरा द्या, पूर्ण लेख पैसे ठरवूनच. जळगावच्या एका ठिबकवाल्या दुकानदाराने मला ट्रायलचे ५०० रुपये आधी दिले, लेख आवडला, आजही काम त्यांचंच चालू आहे, म्हणजे देणारे देतात.

आणि एक, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहिणारा हाच पहिला मालक असतो (पगारी नोकरीत लिहिलं तर वेगळं), आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मी कुठेच सही केली नव्हती. हे सगळं लिहून एजन्सीकडे १२०० रुपये मागितले तर म्हणे टेस्ट ही कंपनीची प्रॉपर्टी असते. कशी काय? मी परत मेल केलाय, स्क्रीनशॉट आणि मूळ फाइल तारखेसकट जोडून.

पैशापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा जास्त राग येतो. पानं कापून जाळायचा पॅरा त्यांनी काढून टाकलाय आणि तिथे फक्त फवारणीच्या औषधाचं नाव घातलंय. मामा म्हणतात पहिला उपाय तर तोच होता, आणि तो लेख आता आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय.