उसाच्या ट्रॅक्टरला काय घालावं: डिझेल की बायोडिझेल?

गळीत हंगामात वाळवा तालुक्यात ट्रॅक्टर रात्रभर धावतात, मागे उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. चढाला लागले की काळा धूर सुटतो, मागे असलेल्याचा घसा खवखवतो. म्हणूनच बायोडिझेल मला मनापासून हवंसं वाटतं. भजी-वडे तळून उरलेलं तेल मिथेनॉल आणि थोड्या कॉस्टिक सोड्याबरोबर तापवलं की तळाला दाट, तपकिरी ग्लिसरीन बसतं; वर राहतं ते बायोडिझेल. (मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, घरी हा उद्योग नको.) बायोडिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसतं, ऑक्सिजन सुमारे ११ टक्के, त्यामुळे काजळी कमी.

ताकदीत डिझेल पुढे. लिटरमागे बायोडिझेलची ऊर्जा साधारण ८ टक्के कमी. ते पाणी धरतं, साठवणीत लवकर बिघडतं. जुन्या टाकीतला गाळही सोडवतं, मग सुरुवातीला फिल्टर तुंबतो. जुने रबरी पाइप फुगतात.

त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरला निव्वळ बायोडिझेल मी घालणार नाही. ५ टक्के मिश्रण खुशाल चालेल. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० साठी तेवढंच उद्दिष्ट आहे. मात्र तेल वापरलेलंच हवं. कढईत जायचं ताजं सोयाबीन तेल टाकीत ओतणं मला मान्य नाही.